फॉलोअर आहेत, ग्राहक नाहीत: नाते जोडावे कसे?

भाजणीवाली, दांडिया बाजार, बडोदे

मी गेली तीन वर्षे घरूनच मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि गोडा मसाला विकते. इन्स्टाग्रामवर चार हजारांच्या आसपास फॉलोअर आहेत, परंतु महिन्याच्या ऑर्डरी चाळीसच्या पुढे जात नाहीत आणि त्यातल्याही बहुतेक जुन्या ओळखीच्या घरांतूनच येतात. एका जाहिरातवाल्याने ठरावीक रकमेत दहा हजार फॉलोअर आणि पन्नास उत्तम अभिप्राय मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. मन घेत नाही. पण रोज रील टाकूनही लोक ‘छान’ एवढे लिहून पुढे सरकतात. पाहणाऱ्यांशी खरे नाते जोडायचे तर नेमके काय करावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रावपुरेकर

ताई, विकत घेतलेले फॉलोअर भाजणी खात नाहीत. शिवाय मोबदला किंवा फुकट वस्तू घेऊन स्तुती करणाऱ्याने तो संबंध उघड केला पाहिजे, असे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे, आणि त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले. त्यामुळे तो विषय तिथेच सोडावा.

आपले पान मी आत्ताच पाहिले. एका रीलखाली एका बाईंनी विचारले आहे की, भाजणीत धणे भाजून घालता की कच्चे, आणि आपण त्यावर नुसते हात जोडल्याचे चिन्ह टाकले आहे. त्या बाई दुकानाच्या पायरीपर्यंत आल्या होत्या, असे मी समजतो. नवी रील उद्या टाकली तरी चालेल, हे उत्तर आज द्या.

मांडवीची मावशी

मी दिवाळीचा फराळ करते. एका वर्षी अलकापुरीतल्या एका घरी चकल्या मऊ पडल्या आणि त्यांनी रात्री दहा वाजता फोटोसकट तक्रार माझ्या पोस्टखाली सर्वांदेखत लिहिली. भाचा म्हणाला, ‘मावशी, काढून टाक.’ मी ती राहू दिली आणि खाली लिहिले की, घाईत चकल्या पुरत्या निवण्याआधीच डबे भरले, आत वाफ धरली, चूक माझी आहे, उद्या दुसऱ्या घाण्याच्या चकल्या पोहोचवते. पोहोचवल्याही. ते घर आजही माझे गिऱ्हाईक आहे, आणि तो संवाद वाचून आलेल्या दोघीही टिकल्या आहेत.

आणखी एक गोष्ट अशी की, आपल्या गावात निम्म्याहून अधिक शेजार गुजराती असताना सगळा मजकूर मराठीतच का असावा? मऊ भातावर तूप-मेतकूट कसे कालवतात, हे गुजरातीत सांगून पाहा. कारण जो पदार्थ कसा खायचा हेच ठाऊक नाही, तो कोण मागवणार?

जुना दुकानदार

इन्स्टाग्रामवर ओळख होते, व्यवहार व्हॉट्सॲपवर पक्का होतो, असा माझा अनुभव आहे. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीत, २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. मला ती चाळणी वाटते, कारण नंबर जतन करणारा माणूस आपणहून दार उघडे ठेवत असतो. त्या दारातून रोज सुप्रभात पाठवू नये. व्हॉट्सॲपच्या बिझनेस ॲपमध्ये ग्राहकांना लेबले लावता येतात. कोणाला तिखट कमी लागते आणि कोण उपवासाची भाजणी मागते, एवढे लावून ठेवले तर चातुर्मासाच्या तोंडावर नेमक्या घरी नेमका निरोप जातो.

भाजणीवाली

सर्वांचे आभार. जाहिरातवाल्याला नकार कळवला. धण्यांचा प्रश्न अकरा दिवस तसाच पडला होता. काल रात्री उत्तर लिहिले की, धणे मंद आचेवर वेगळे भाजते, कारण डाळींबरोबर टाकले तर ते आधी करपतात. सकाळी त्या बाईंनी अर्धा किलोचे पाकीट मिळेल का, असे विचारले आहे. माझ्याकडे एक किलोचेच आहे, त्यामुळे आज छोट्या पिशव्या आणायला निघाले आहे.