गुहागरच्या घरी बॅटरीवरचा गॅस अलार्म न्यावा का?

नमस्कार मंडळी,
दिवाळीत गुहागरला जाणं आहे. आई-बाबांसाठी धुराचा आणि गॅसचा असे दोन अलार्म इथूनच न्यावेत म्हणतोय. तिकडे वीज सारखी जाते, तेव्हा दोन्ही बॅटरीवरचेच बरे ना?
(न्यू जर्सी)

उत्तर १:
धुराचा खुशाल न्या, गॅसचा नको. धुराचा अलार्म काही मायक्रोअँपिअरवर जागा राहतो. नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी त्याला वर्षभर पुरते, सीलबंद लिथियमवाला दहा वर्षं चालतो. गॅसच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये मात्र टिन ऑक्साइड सतत तापतं ठेवावं लागतं. पाच व्होल्टला दीडशे मिलिअँपिअर धरा. तीच बॅटरी तीन-चार तासांत आटोपेल. म्हणून तो विजेवरच हवा, आणि इथला १२० व्होल्टचा तिकडच्या २३० वर लावायची सोय नाही.

रत्नागिरी-चिपळूणला पाच व्होल्टच्या अडॅप्टरवाला शोधा. इन्व्हर्टरच्या लाइनवर टाकला की झालं. इन्व्हर्टर नसेल तर वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक त्याला तीनेक दिवस ओढते. निसर्ग वादळानंतर (२०२०) दापोली-श्रीवर्धनकडे वीज यायला किती दिवस लागले ते आठवा.

जागा महत्त्वाची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. अलार्म जमिनीपासून वीत-दीड वीत उंच लावा. ओट्याच्या वर लावलेला शोभेचा. धुराचा माजघरात, फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणारा). कौलारू घरात आढ्याच्या टोकाला न चिकटवता वीतभर खाली. स्वयंपाकघरात तो प्रत्येक फोडणीला बोंबलेल, चूल असेल तर विचारूच नका. तिथे ५७ अंशांना वाजणारा उष्णतेचा अलार्म लावा.
(टोरंटो)

उत्तर २:
वरचं सगळं बरोबर. बॅटरीबद्दल थोडी भर:
रिचार्जेबल नऊ व्होल्टची घालू नका. तिचा व्होल्टेज मुळातच कमी, अलार्म लवकर टिकटिकायला लागतो. ही टिकटिक बहुधा पहाटे सुरू होते, कारण गारव्यात व्होल्टेज आणखी उतरतो. बाबा वैतागून बॅटरीच काढून ठेवतील! खाऱ्या हवेत बॅटरीच्या टोकांवर हिरवट गंज धरतो. मे महिन्यात, पावसाआधी, टोकं खोडरबराने घासून घ्या. पहिल्या पावसातले बारके किडे धुराच्या कप्प्यात शिरले की विनाकारण वाजतो. मऊ ब्रश पुरे. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

गॅसचा सेन्सर पाच-सात वर्षांत बदलावा लागतो, मागची तारीख बघून घ्या. सॅनिटायझर, अत्तर यांनीही तो वाजतो. तरी वाजला की एग्झॉस्टचं बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, मागचं-पुढचं दार उघडं, आणि फोन अंगणात जाऊन: १९०६, गॅसगळतीचा मदत क्रमांक.
(मस्कत)