आरसा-चेतापेशींनी अनुकरणाचे कोडे पूर्ण सुटत नाही

दुसऱ्याची हालचाल पाहून ती आपल्याला कशी करता येते, हे अनुकरणाचे कोडे आरसा-चेतापेशी (मिरर न्यूरॉन) सापडल्याने सुटले, असे म्हटले जाते; त्यात थोडी भर घालावीशी वाटते. इटलीतील पार्मा येथे मेंदूशास्त्रज्ञ रिझोलाटी यांच्या गटाला मकाक माकडांच्या मेंदूत या पेशी आढळल्या आणि त्याविषयीचा पहिला शोधनिबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. माकड स्वतः वस्तू उचलते तेव्हा आणि दुसऱ्याला ती उचलताना पाहते तेव्हाही त्या उद्दीपित होतात. मात्र मकाक हुबेहूब अनुकरण क्वचितच करतात, म्हणजे या पेशी असणे एवढेच पुरेसे नाही.

आमच्या नागपुरात उपड्या मडक्यावर लांब रोटी करणाऱ्या बाई सैल कणकेचा गोळा हातांवर झेलत पार कोपरापर्यंत पसरवतात. शेजारी बसलेल्या मुलीला ते सगळे दिसते, तरी सुरुवातीला तिच्या हातावर कणीक फाटते. कारण पाहिलेली हालचाल स्वतःच्या स्नायूंच्या भाषेत आणावी लागते, आणि कणकेचा ताण तर डोळ्यांना कळतच नाही, तो हातालाच कळतो व त्यावरून अनुमस्तिष्क, म्हणजे हालचालींचा ताळमेळ राखणारा मेंदूचा मागचा भाग, पुढची हालचाल सुधारत नेते.

पाहणे आणि करता येणे वेगळे, याचा मला सर्वांत बोलका पुरावा ॲप्रॅक्सिया या मेंदूविकाराचा वाटतो. डाव्या मेंदूला पक्षाघाताच्या झटक्याने (स्ट्रोकने) इजा झालेल्या काही रुग्णांच्या हातात बळ असते, समोरच्याने केलेली खूण त्यांना दिसते, पण ती करून दाखवता येत नाही. अशा रुग्णावर ‘लक्षच देत नाहीत’ म्हणून घरच्यांनी कृपया रागावू नये.