भाड्याचं घर घेण्याआधी इमारत आणि परिसर कसा पारखला? अनुभव लिहा

पुणे, सिंहगड रस्ता

मे-जून आला की घरं बदलायचे दिवस सुरू होतात. मुलांचे प्रवेश, नव्या नोकऱ्या, संपत आलेले अकरा महिन्यांचे करार. एजंट फ्लॅट दाखवतो: हॉल, किचन, बाल्कनी, आणि पंधरा मिनिटांत आपण पुन्हा खाली. इमारत कोणीच दाखवत नाही. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, मागची गल्ली, शेजारचा नाला हे आपलं आपणच बघायचं असतं, आणि राहायला गेल्यावर रोजची गाठ पडते ती यांच्याशीच. करारात काय असावं यावर पुष्कळ लिहून झालंय. इथे एवढंच लिहा: होकार देण्याआधी तुम्ही काय पाहिलं, कोणाला विचारलं, काय कळलं. सोसायटीचं किंवा माणसांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. नदीच्या बाजूला एक छान घर मिळत होतं, भाडंही आवाक्यातलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि इथल्याच नदीकाठच्या एकतानगरीच्या सोसायट्यांमध्ये लोक अडकले, ते डोक्यात होतं. म्हणून खालच्या किराणा दुकानदाराला विचारलं, "काका, पाणी कुठपर्यंत येतं?" त्यांनी शटरवरची खूणच दाखवली. वर किती क्युसेकचा विसर्ग सुरू झाला की गल्लीत पाणी शिरतं, तेही त्यांना ठाऊक होतं. महापालिकेच्या विकास आराखड्यात नदीची निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या रेषा, आखलेली असते. ती पाहिली आणि ते घर सोडलं. पुढे त्याच रस्त्यावर, पण चढाच्या बाजूला घर घेतलं.

सांगली

आमच्याकडे हा प्रश्न घर बघायला गेल्यावर पहिल्या मिनिटाला विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ ला पुन्हा पूर आला. त्यामुळे घरमालकाला "पाणी येतं का" असं मोघम विचारू नका, "किती फुटाला येतं" असं विचारा. खरं सांगणारा लगेच आकडा सांगतो. मी मीटरपेटी आणि पाण्याची मोटर कुठे बसवलीय ते आवर्जून पाहते. दोन्ही तळमजल्यावर असतील तर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर कोरडे राहाल, पण वीज आणि पाणी दोन्ही जाईल.

डोंबिवली

बांधकामाच्या दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅटच्या आतल्या भिंती बघून इमारतीचं काही कळत नाही. भाडेकरू बदलताना आतून रंग मारलेलाच असतो. आधी गच्चीवर जा. टाकीखालच्या स्लॅबला ओल आहे का, पाणी कुठे साचतं ते बघा. मग जिन्याने एकेक मजला उतरत या. प्रत्येक मजल्यावर जिन्याखालची बाजू आणि बीम बघा. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. पण बीम किंवा कॉलमच्या लांबीला धरून सरळ गेलेली भेग, तिच्या कडेला तांबूस डाग, हे आतली सळई गंजत असल्याचं लक्षण. लोखंड गंजलं की फुगतं आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडतं. बोटाने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर ते कधी ना कधी सुटणार. मागच्या बाजूला ड्रेनेजच्या पाइपाशी पिंपळ उगवलेला दिसला तर तिथे पाणी कायम झिरपतंय.

शेवटी तळमजला. हा लोक सगळ्यात कमी बघतात आणि मला सगळ्यात जास्त काळजी इथलीच वाटते. दुकानं मोठी करण्यासाठी कुणी भिंत पाडलीय का, कॉलम तासलाय का? तसं दिसलं की मी पुढे काही विचारत नाही, परत फिरतो.

इमारत नवी आहे एवढ्यावर विसंबू नका. महाडची तारीक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली. पाच मजली इमारत, वय जेमतेम दहा वर्षं.

कागदांचं म्हणाल तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सेक्रेटरींना सरळ विचारा, "शेवटचं ऑडिट कधी झालं, अहवालात काय आलं?" धोक्यानुसार इमारतीचे वर्ग असतात: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात दुरुस्ती, सी-३ किरकोळ. पावसाळ्याआधी मुंबई महापालिका सी-१ इमारतींची यादी काढते, म्हाडा दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची काढते. आसपासच्या महापालिकाही धोकादायक इमारती जाहीर करतात. त्यात पत्ता शोधायला फार वेळ लागत नाही. अनामत भरण्याआधी एवढं कराच. पोराबाळांसह राहायला जाणार आहात.

वाघोली

पाणी. बाकी सगळं नंतर. वॉचमनदादांना विचारा, दिवसाला टँकर किती येतात आणि उन्हाळ्यात किती. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये की भाडेकरूकडून वेगळे, तेही तेव्हाच विचारून घ्या. नळाच्या तोटीवर आणि बाथरूमच्या फरशीवर पांढरे क्षार दिसले तर बोअरचं पाणी आहे असं धरून चाला. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येईल असा अधिकृत दाखला) मिळालंय का ते महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधता येतं. २०१७ नंतरच्या नव्या प्रकल्पांची नोंद तिथे असते. आमच्या आधीच्या इमारतीला ते नव्हतं, आणि महापालिकेचं पाणी मिळत नाही याचं कारण शेवटपर्यंत तेच निघत राहिलं. शहरात घर बघत असाल तर शक्यतो गुरुवारी जा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद असतं, टाकीत किती साठा टिकतो ते त्या दिवशी कळतं.

ठाणे

मी एकटी राहते, दुसऱ्या पाळीचं काम. घर दुपारी बघून माझं भागत नाही. रात्री दहाच्या सुमारास स्टेशनवरून त्या इमारतीपर्यंत चालत जाते. दिवे लागलेले आहेत का, उघडी दुकानं कुठे संपतात, रिक्षावाले तिथे यायला तयार होतात का. एका ठिकाणी शेवटच्या वळणावर दोन्ही बाजूंना पत्र्याचं कुंपण होतं, मधे एकही दार नाही. दिवसा तो रस्ता शांत आणि हिरवा वाटला होता.

आणि माहिती बायकांकडून घ्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या ताई, लिफ्टमध्ये भेटलेल्या काकू, घरकामाला येणाऱ्या मावशी. मावशींना सगळे मजले माहीत असतात. मी त्यांना विचारते, "आधीच्या मुली का गेल्या?" या प्रश्नाला आजवर मला नेहमी खरं उत्तर मिळालंय. कधी ते सोसायटीच्या कमिटीबद्दल असतं, कधी शेजाऱ्याबद्दल, कधी "लग्न झालं, म्हणून गेली" इतकं साधं.

नाशिक

आईला चाकाची खुर्ची लागते. लिफ्ट आहे एवढं ऐकून मी थांबत नाही. लिफ्टच्या दाराची रुंदी मापते, पार्किंगपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती ते बघते, वीज गेल्यावर जनरेटर लिफ्टला जोडलाय की फक्त जिन्यातल्या दिव्यांना, ते विचारते. गेटमधून रुग्णवाहिका आत वळू शकेल का हेही. आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ब नमुन्यातलं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे. ते सोसायटीच्या फळ्यावर लावलेलं दिसलं की मला धीर येतो. नसेल तर मागते. बहुतेक ठिकाणी आमच्याआधी कोणी मागितलेलं नसतं.

कोल्हापूर

थोडक्यात: लग्नसराईत जाऊन बघा. खिडकीसमोरचं मोकळं मैदान म्हणजे मंगल कार्यालयाचं लॉन निघू शकतं.

क्वीन्स, न्यूयॉर्क

इथे आल्यावर माझ्यासाठी सगळ्यात नवं काय होतं, तर इमारतीचा इतिहास घरबसल्या वाचता येतो. शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या इमारतीवरच्या तक्रारी आणि नोंदवलेली उल्लंघनं दिसतात. अ, ब आणि क असे वर्ग असतात, क म्हणजे ताबडतोब धोकादायक. हीटिंग बंद, उंदीर, बुरशी, गळती, सगळं तारखांसह. ढेकणांचा मागच्या वर्षाचा इतिहासही मालकाने नव्या भाडेकरूला लेखी द्यावा लागतो. मी एकाच मालकाच्या दोन इमारती तपासल्या. एकीत हिवाळ्यामागून हिवाळा हीटिंगच्याच तक्रारी होत्या. १ ऑक्टोबर ते ३१ मे मालकाने घर ठरावीक तापमानापर्यंत उबदार ठेवायचंच असतं, तरीही. दुसरी इमारत जुनी होती, पण जुन्या तक्रारी मिटवल्याची नोंद होती. तिथे राहतो. आपल्याकडे प्रत्येक महापालिकेने असं पत्त्यावरून शोधता येणारं पान करावं असं मला फार मनापासून वाटतं. ऑडिट, नोटिसा, आग, पाणी, ही माहिती कुठे ना कुठे फायलीत पडून आहेच.

पुणे, सदाशिव पेठ

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी: जुन्या वाड्यातली कॉट स्वस्त पडते आणि अभ्यासिका जवळ असते, मान्य. पण पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. आपल्या वाड्याला आली होती का, ते शेजारच्या दुकानात विचारा. माडीचा लाकडी जिना आणि तुळया बघा, वाळवीची माती दिसते का बघा. एका खोलीत किती जण आणि त्यांच्यामागे संडास किती, हे मोजायला लाजू नका. गावाकडून घरचे पैसे पाठवतात, त्यांना फोटो पाठवून मगच ठरवा.

औंध (घरमालकीण)

दुसऱ्या बाजूने लिहिते. विचारणाऱ्या भाडेकरूचा मला त्रास होत नाही, उलट घर नीट ठेवणारा माणूस येतोय असं वाटतं. मी एक फाइलच तयार ठेवलीय: भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, शेवटच्या ऑडिटचं पत्र, गेल्या वर्षभराची विजेची बिलं, सोसायटीचे नियम. भाड्याने दिलेल्या घरासाठी सोसायटी जादा आकार घेते तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि तो मी भरते, हे आधीच सांगते. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाचीच आहे. "नोटरी करू, चालतं" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. आणि आधीच्या भाडेकरूंना विचारून त्यांचा नंबर देते. बाथरूमच्या वरून दोन पावसाळे गळत होतं, ते आधी राहणाऱ्या मुलीनेच नव्या जोडप्याला सांगितलं. कधी दुरुस्त केलं तेही तिनेच सांगितलं. ते दोघं वरच्या मजल्यावर जाऊन बघून आले आणि मग आपणहून म्हणाले, "काकू, करार कधी करायचा?"