धरणातून पाणी सुटल्यावर कयाक नदीत केव्हा उतरवावी?

वल्हेकरी (प्रश्न)

स्थिर पाण्यात माझा रोल (उलटलेली कयाक आत बसूनच सरळ करणे) पक्का झाला आहे आणि अवघडपणाच्या दुसऱ्या श्रेणीच्या वाहत्या पाण्याचा बराच सरावही झाला आहे. आता तिसऱ्या श्रेणीच्या ज्या टप्प्यावर जायचे आहे, तेथील पाणी सर्वस्वी वरच्या धरणावर अवलंबून आहे. विसर्ग सकाळी ७ ला सुरू होतो आणि ११ ला बंद होतो. त्याचे जाहीर प्रमाण ३० घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे १,०६० क्युसेक आहे. उतरण्याची जागा धरणापासून १२ किलोमीटर खाली आहे आणि तेथून पुढे ८ किलोमीटर वल्हवायचे आहे. नदीत नेमके केव्हा उतरावे? पावसाच्या पाण्यावर वाहणाऱ्या नदीपेक्षा येथे वेगळे काय सांभाळावे लागते?

डोहकाठ

७ ला पाणी धरणातून निघते, आपल्यापर्यंत पोहोचायला त्याला बराच वेळ लागतो. येथे अनेकांचा हिशेब चुकतो, कारण ते नदीच्या वेगाने अंतराला भाग देतात. डोह आणि रॅपिड (खळाळत्या उताराच्या जागा) धरून पाण्याचा सरासरी वेग सेकंदाला १.२ मीटर मानला, तर धरणातून निघालेला थेंब १२ किलोमीटर यायला पावणेतीन तास घेईल. पाणी चढल्याची लाट मात्र त्या थेंबाच्या बरीच आधी येते, कारण चढाव प्रत्यक्ष पाण्यापेक्षा साधारण दीडपट वेगाने खाली सरकतो. त्या हिशेबाने तो आपल्याकडे ९ वाजण्याच्या सुमारास पोहोचेल. विसर्गापूर्वी पात्र जवळजवळ कोरडे असेल, तर आधी वाटेतले डोह भरतात आणि मगच पाणी पुढे येते, त्यामुळे उशीर वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी तरी काठावर एखादा ठळक खडक हेरून ठेवावा आणि पाणी त्याला केव्हा टेकते व केव्हा स्थिरावते, ते घड्याळ लावून पाहावे.

खडकवाट

वरील हिशेब मला मान्य आहे, पण पाणी आले की लगेच उतरावे असा अर्थ त्यातून काढू नये. लाटेच्या तोंडाशी काठावरचा पालापाचोळा, ओंडके आणि कचरा असतो, आणि तिच्या पुढे निघून गेलात तर उघड्या दगडांवर आपटत जावे लागते. वल्हवणारा माणूस नदीपेक्षा वेगाने जातो, त्यामुळे ही लाट त्याला गाठता येते. समजा ती ८:५० ला आपल्या जागेवरून गेली आणि आपण ९ ला उतरलात, तर ती जेमतेम एक किलोमीटर पुढे असेल. न थांबता वल्हवत राहिलात तर शेवटच्या रॅपिडच्या आधीच आपण तिला गाठाल आणि नेमक्या अवघड जागी पाणी कमी पडेल. ९:३० ला उतरल्यास ती चार किलोमीटरांहून अधिक पुढे असते, मग ही चिंता उरत नाही.

शेवटच्या बाजूला घाईचे कारण नाही. दरवाजा ११ ला बंद झाला तरी त्याचा परिणाम आपल्याकडे पाऊण-एकच्या आधी जाणवणार नाही. शिवाय पाणी चढते झपाट्याने आणि उतरते रेंगाळत, कारण चढताना मागचे खोल पाणी पुढच्या उथळ पाण्याला गाठते, तर उतरताना मागे राहिलेले उथळ पाणी हळू चालते. उतरत्या पाण्यात मात्र कडेचे दगड उघडे पडतात आणि रोज भिजून-सुकून त्यांच्यावर शेवाळाचा निसरडा थर धरलेला असतो. कयाक खांद्यावर घेऊन बाहेर पडताना तो जाणवतो.

वल्हेकरी

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत. भर उन्हाळ्यात जाणार असल्याने वेटसूटची (गार पाण्यात अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाची) खरोखर गरज आहे का? आणि ऐनवेळी विसर्ग ३० ऐवजी ५० घनमीटर केला गेला, तर तीच नदी किती बदलते?

शेवाळी

पोशाख हवेकडे पाहून ठरवू नये. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर तापतो, तळचा गारच राहतो, आणि धरणाचा विमोचक (पाणी सोडायचा मार्ग) बहुधा खालच्या थरातले पाणी सोडतो. थंड व समशीतोष्ण प्रदेशांत बाहेर कडक ऊन असतानाही हे पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असू शकते. अशा पाण्यात उलटल्यावर पहिल्या मिनिटभरात श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, धाप लागते, आणि एरवी पक्का असलेला रोल नेमका तेव्हा फसतो. उतरण्याआधी हात कोपरापर्यंत बुडवून मिनिटभर तसाच ठेवून पाहावा. बोटे दुखू लागली तर वेटसूटविषयी वेगळा सल्ला लागणार नाही. कयाकमधून बाहेर पडावे लागले, तर पाय वर आणि प्रवाहाच्या दिशेने ठेवून उताणे तरंगावे. वाहत्या पाण्यात उभे राहू नये, कारण पाऊल दगडांच्या फटीत अडकले की प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबतो, आणि त्यासाठी कमरेइतकेही पाणी लागत नाही.

खडकवाट

५० घनमीटरचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. काही होल (खडकावरून पडलेले पाणी जेथे मागे उलटे फिरते त्या जागा) त्या पाण्यात पूर्ण बुडून नुसत्या लाटा होतात, तर ३० ला सहज पार होणारे एखादे होल माणसाला धरून ठेवू लागते. माझ्या मते मोठी अडचण एडींची, म्हणजे खडकाआड किंवा काठाशी थांबता येणाऱ्या शांत पाण्याच्या जागांची असते. धरणाखालच्या नदीत मोठे पूर क्वचित येतात, त्यामुळे झुडपे पात्रात पुढे सरकतात. पाणी वाढले की थांबायच्या जागा त्या फांद्यांत जातात, आणि फांद्यांतून पाणी आरपार जाते, माणूस मात्र जात नाही. टप्प्यात एखादा बंधारा असेल तर तो उचलून पार करावा. त्याच्या पायथ्याशी काठापासून काठापर्यंत सलग उलटा फिरणारा प्रवाह दिसायला सौम्य असला तरी त्यातून बाजूला निसटायला वाट नसते.

डोहकाठ

विसर्ग ऐनवेळी बदलेल का, हे पाणी कशासाठी सोडले जाते त्यावर ठरते. अमेरिकेतील गॉली नदीवर १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या समर्सव्हिल धरणाचा जलाशय दर शरदात हिवाळी पातळीपर्यंत उतरवला जातो. त्यामुळे तेथील दिवस आधी जाहीर होतात आणि बहुतेक वेळा पाळलेही जातात. टेनेसीतील ओकोई नदीवर, जेथे १९९६ च्या ऑलिंपिकची स्लॅलम (टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून वल्हवत जाण्याची) स्पर्धा झाली, पाणी वळवून वीजकेंद्रांकडे नेले जाते. ते पात्रात सोडतील तेव्हाच नदी वाहती होते. जेथे विसर्ग थेट टर्बाइनमधून येतो, तेथे विजेची मागणी वाढली किंवा एखादा संच अचानक बंद पडला, तर वेळापत्रक बाजूला राहते. आपल्या नदीचे पाणी टर्बाइनमधून येत असेल, तर जाहीर आकड्याला कच्चा अंदाज समजावे, सकाळी निघण्यापूर्वी धरणाच्या नियंत्रण कक्षाकडे चौकशी करावी, आणि वाटेत थांबलात तर कयाक पाण्याच्या रेषेपासून बरीच वर ओढून ठेवावी. भोंगा धरणाजवळ वाजतो. १२ किलोमीटर खाली तो ऐकू येत नाही.