रंगसंकेत आणि वंश यांची गल्लत
चित्रांतल्या रंगांवरून प्राचीन इजिप्शियनांचा वंश ठरतो, असा दावा केला जातो. ते मला पटत नाही. इजिप्तमधील मैदूम येथे सापडलेले राहोतेप आणि नोफ्रेत या दांपत्याचे चुनखडीचे पुतळे पाहावेत: त्याची कांती तांबूस तपकिरी, तिची फिकट पिवळी, आणि तिच्या केसांच्या टोपाखालून कपाळावर स्वतःचे केसही डोकावतात. हा रंगभेद वंशाचा नसून स्त्री-पुरुष वेगळे दाखवण्याचा कलासंकेत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अबुसिर अल-मेलेक येथील ममींच्या डीएनएची पश्चिम आशियाशी जवळीक आढळली खरी. परंतु ते इजिप्तच्या उत्तरेकडचे एकच ठिकाण असल्यामुळे, दक्षिणेला आस्वानपर्यंत पसरलेल्या आणि त्याही पलीकडच्या नूबिया या प्रदेशाशी सतत संबंध असलेल्या देशाला तो निष्कर्ष सरसकट लावणे मला अन्यायाचे वाटते.