‘प्रॉस्पेक्ट’ला मराठीत काय म्हणावं? होतकरू, उमेदवार, पठ्ठा की आणखी काही?

रारीटनकाठचा
वडील साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. परवा ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात दर्शन, तिथल्याच कँटीनमध्ये डोसा आणि संध्याकाळी समरसेट पेट्रियट्सची बेसबॉल मॅच असा बेत होता. समरसेट हा 2021 पासून न्यू यॉर्कच्या यांकीज संघाचा डबल-ए संघ, म्हणजे मुख्य संघाच्या दोन पायऱ्या खाली. अँथनी व्होल्पी हा इथून जवळच्या वॉचंगचा पोरगा. 2022 साली तो इथे खेळत होता आणि 2023 च्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी यांकीजकडून मैदानात उतरला. तेव्हापासून आमचे अकरा वर्षांचे चिरंजीव समरसेटच्या प्रत्येक खेळाडूकडे ‘पुढचा व्होल्पी’ म्हणून बघतात. पुढे मुख्य संघात जाईल असं वाटणाऱ्या अशा पोराला बेसबॉलमध्ये प्रॉस्पेक्ट म्हणतात.

तर चिरंजीव आजोबांना सांगत होते, “आजोबा, तो बघा, तो मोठा प्रॉस्पेक्ट आहे.” आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “होतकरू खेळाडू आहे, बाबा.” बाबांनी मान डोलावली आणि हळहळून म्हणाले, “घरची परिस्थिती बेताची दिसते.”

आता तुम्हीच सांगा, प्रॉस्पेक्टला काय म्हणू?

शब्दखोड
होतकरूच म्हणा. दोष शब्दाचा नाही, शिष्यवृत्तीच्या जाहिरातींचा आहे. ‘गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना’ असं इतकी वर्षं जोडीनं छापलं की आता होतकरू म्हटलं की फाटकी चप्पल डोळ्यांपुढे येते. मूळ शब्दात गरिबी कुठेच नाही. त्यात फक्त ‘होणं’ आहे, आणि तेही ‘होत’, ‘झाला’ नव्हे. प्रॉस्पेक्टच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ पुढे पाहणं. तिकडे पाहणाऱ्याची नजर आहे, आपल्याकडे होणाऱ्याची धडपड. मला आपला शब्द जास्त आवडतो.

शिवाय होतकरूमध्ये धोकाही सामावलेला आहे. 1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, यांकीजनी सगळ्यात पहिला निवडला तो ब्रायन टेलर, डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. करारापोटी साडेपंधरा लाख डॉलर मिळाले, तेव्हाचा विक्रम. 1993 च्या डिसेंबरात भावाच्या बाजूनं मारामारीत पडला, खांदा गेला आणि मुख्य संघाकडून एकही सामना न खेळता कारकीर्द संपली. होत होत राहून गेला.

रारीटनकाठचा
शब्दखोड, पटतंय. पण गंमत म्हणजे बाबांचा गैरसमज फारसा गैर नव्हता. या खालच्या लीगमधल्या पोरांचं मानधन अगदी अलीकडेपर्यंत दयनीय होतं. सगळ्यांत खालच्या पायऱ्यांवर 2020 पर्यंत आठवड्याला 290 डॉलर, तेही फक्त हंगाम चालू असताना. 2022 मध्ये त्यांची युनियन झाली, 2023 मध्ये पहिला सामूहिक करार झाला आणि डबल-ए खेळाडूचं किमान वर्षाला 30,250 डॉलर ठरलं. त्याच वर्षी मुख्य लीगचं किमान होतं 7,20,000. म्हणजे ‘गरीब व होतकरू’ ही जोडगोळी इथे शब्दशः लागू.

कचेरी
मग ‘उमेदवार’ का नको? निवडणुकीनं हा शब्द पळवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का? उमेद फारसी, तिला ‘वार’ जोडला, म्हणजे आशा धरून असलेला. जुन्या कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर काम शिकणारा पोरगा. कोपऱ्यात बसून नकला करायचा, साहेबाची नजर कधी पडते याची वाट बघायची. आजही आपण ‘त्यानं पाच वर्षं उमेदवारी केली’ म्हणतो तेव्हा मतपेटी कोणाच्या मनात येते?

लाल माती
तुमच्या कचेरीत बसून खेळाडू तयार होत नसतात, पाव्हणं. कोल्हापूरच्या तालमीत या माणसाला शब्द आहे. पठ्ठा! वस्ताद पोराला हेरतो, आणतो, खुराक ठरवतो, दोन-चार वर्षं मातीत घोळवतो आणि मग मैदानात सोडतो. ‘हा अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ म्हटलं की झालं, पुढे ओळख लागत नाही.

कचेरी
पठ्ठा ऐटदार आहे, कबूल. पण पठ्ठ्याची दुसऱ्या तालमीशी अदलाबदल होते का? इथे जुलै संपता संपता सौदे होतात. जेतेपदाच्या शर्यतीतला संघ तीन कोवळी पोरं देऊन एक मुरलेला पिचर घेतो. पोरांना विचारतसुद्धा नाहीत. असा व्यवहार करणाऱ्या वस्तादाला कोल्हापुरात राहू देतील का?

लाल माती
रंकाळ्यात बुडवतील.

शब्दखोड
नुसत्या अर्थावर वाद घालण्यापेक्षा शब्द वाक्यात घालून बघू. (1) ‘आमच्या संघातला सगळ्यात मोठा ––.’ (2) ‘दोन –– देऊन एक जुना गडी घेतला.’ (3) ‘तो आता –– राहिला नाही.’

पहिल्यात होतकरू बसतो, पठ्ठाही बसतो. उमेदवार बसवला की प्रचारसभा सुरू होते. दुसऱ्यात ‘दोन होतकरू पोरं’ असं करावं लागतं, कारण होतकरू विशेषण आहे, एकटं उभं राहताना डगमगतं. आणि तिसऱ्यात मीच तोंडघशी पडलो. ‘तो आता होतकरू राहिला नाही’ म्हणजे वाया गेला! बेसबॉलमध्ये नेमकं उलट. मुख्य लीगमध्ये 130 अॅट-बॅट (फलंदाजीच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) किंवा पिचरसाठी 50 डाव झाले की खेळाडू नवखा उरत नाही, प्रॉस्पेक्टच्या याद्यांतूनही सहसा निघतो. हे चांगलं लक्षण, रडायचं कारण नव्हे. ‘त्याची उमेदवारी संपली’ हे मात्र चपखल. कचेरी, एक गुण तुम्हाला.

भातखाचर
व्यक्तीसाठी काय शब्द घ्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ही सगळी पोरं जिथे असतात त्या व्यवस्थेला इंग्रजीत शेतावरूनच नाव आहे, फार्म सिस्टिम. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकीनं 1920 च्या दशकात ती उभी केली. दुसऱ्यांकडून तयार खेळाडू महागात घेण्यापेक्षा आपले छोटे संघ ठेवून तिथे पोरं वाढवायची. आज 30 संघांचे प्रत्येकी चार मिळून 120 असे संघ आहेत. 2021 च्या फेररचनेआधी 160 होते.

शेती म्हणून भाषांतर करू नका, फसेल. शेतात पीक तिथेच पिकतं, तिथेच कापतात. इथे तसं नाही. कोकणात भाताचा तरवा पेरतात ना, अगदी तसं आहे. लहानशा तुकड्यात दाट पेरायचं, वीस-पंचवीस दिवसांनी रोप उपटायचं, मूठ बांधायची आणि मोठ्या खाचरात लावायचं. तरव्यात हिरवंगार दिसणारं प्रत्येक रोप लावणीनंतर तग धरतंच असं नाही. आमची आजी तरव्याला कधी ‘पीक’ म्हणाली नाही. फार्म सिस्टिम म्हणजे तरवा.

वैनगंगा
आमच्या भंडाऱ्याकडे त्याला पऱ्हे म्हणतात. पऱ्हे टाकणं, मग रोवणी. तरवा म्हटलं तर आमच्याकडे कोणाला कळायचं नाही. पण कल्पना जबरदस्त. ‘यांकीजचे पऱ्हे यंदा चांगले आले’ असं म्हणून बघितलं, हसू आवरेना.

रारीटनकाठचा
बाबांना भातखाचरांचं वाचून दाखवलं. पहिल्यांदाच म्हणाले, “आत्ता कळलं.” मग त्यांनी विचारलं, तरव्यात न उगवलेलं बी कधी बांधावर उगवतं का? उगवतं. माइक पियाझा. 1988 च्या ड्राफ्टमध्ये 62 व्या फेरीत, 1390 वा. तोही डॉजर्स संघाच्या टॉमी लसोर्डांनी घरोब्याखातर शब्द टाकला म्हणून. पुढे 427 होमरन आणि 2016 मध्ये हॉल ऑफ फेम. आता ड्राफ्टच्या फेऱ्याच 20 आहेत. त्यामुळे आजच्या पियाझाचं नाव कोणी पुकारणारच नाही.

आणखी एक अडचण. चिरंजीवांना ‘बेस’ म्हणजे काय ते आजोबांना समजावता आलं नाही. ‘तळ’ म्हटलं तर बाबा म्हणाले, लष्कराचा का?

खांबोळी
अहो, भोज्या! लहानपणी पकडापकडी खेळला नाहीत का? भोज्याला हात असेपर्यंत कोणी शिवू शकत नाही, हात सुटला की तुम्ही उघड्यावर. बेसचा नियम याहून वेगळा काय आहे? पहिला भोज्या, दुसरा भोज्या, तिसरा भोज्या आणि घर. ‘भोज्याला शिवून आलो’ हा वाक्प्रचार आजही आपण वापरतो, लग्नाला पाच मिनिटं हजेरी लावून आल्यावर.

आणि बेस चोरणं, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणं, ही तर आमच्या वाड्यातली खांब-खांबोळी. प्रत्येकानं एक खांब धरायचा, नजर चुकवून दुसऱ्याशी खांब बदलायचा, ज्याच्यावर राज्य त्यानं मधल्या मधे रिकामा खांब बळकावायचा. आमच्या वाड्याला सात खांब होते आणि पोरं दहा. त्यामुळे दोन जण कायम ‘लिंबूटिंबू’. मी त्यातली एक, चार वर्षं. प्रॉस्पेक्ट म्हणा हवं तर.

शब्दखोड
भोज्या मान्य. बिनशर्त.

दोन भोज्यांच्या मधे धावपटू सापडतो, दोन्हीकडचे क्षेत्ररक्षक चेंडू इकडून तिकडे फेकत त्याच्याकडे सरकतात, त्याला अमेरिकन लोक ‘लोणच्यात सापडला’ म्हणतात. आपण म्हणावं अडकित्त्यातली सुपारी.

खांबोळी
फक्त ही सुपारी कधीकधी निसटते हो.

तोफखाना
उशिरा आलो, पण एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. पिचरला काय म्हणायचं यावर इथे कोणीच बोललं नाही. गोलंदाज हा शब्द क्रिकेटनं घेतला खरा, पण तो आधी तोफखान्याचा. ‘अंदाज’ हा फारसीतल्या फेकण्याच्या क्रियापदातून आलेला, जसा तीरंदाज तसा गोलंदाज, तोफगोळा डागणारा. क्रिकेटमध्ये चेंडू फेकला तर पंच नोबॉल देतो! कोपरातून हात झटक्यानं सरळ न करता टाकायचा असतो. खराखुरा फेकतो तो बेसबॉलवाला. गोलंदाज म्हणायचा पहिला हक्क त्याचा.

फलंदाजाची तर कमालच आहे. गोलंदाजाच्या चालीवर कोणीतरी फळी आणि अंदाज जोडून टाकले. व्युत्पत्ती धरून चाललं तर फलंदाज म्हणजे फळी फेकणारा. क्रिकेटमध्ये बॅट फेकली तर समज मिळते. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट टाकायची आणि पळायचं, रीतच आहे. 14 ऑक्टोबर 2015 ला टोरांटोच्या होझे बाउटिस्टानं टेक्सासविरुद्ध होमरन मारून बॅट भिरकावली ती आठवा. मराठी भाषेत आजवर झालेला एकमेव अस्सल फलंदाज तो.

कचेरी
तोफखाना, तुम्ही रोज का येत नाही?

शब्दखोड
बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी हे शब्द रेडिओवरून घरोघर रुळवले, तेव्हा ते दुसऱ्याच खेळाला इतके नेमके बसतील असं कोणाला वाटलं असेल? त्रिफळाचीतमधला ‘चीत’ तर थेट लाल मातीतला. पण तो बेसबॉलला उपयोगाचा नाही, यष्ट्याच नाहीत. ‘डाव’ मात्र आहे तसा घ्या, नऊ डाव. ‘खेळी’ एकट्याची, ‘डाव’ संघाचा, हा भेद पाळा म्हणजे झालं.

रारीटनकाठचा
काल बाबा आणि नातू अंगणात होते. बाबांनी बेसबॉलची जुनी बॅट मागितली, जमिनीत खळगा केला, झाडाची फांदी तासून विटी केली आणि नातवाला कोलायला शिकवलं. मोजताना ‘वकट, लेंड, मूंड, नाल’. नातू विचारतो, ही कुठली भाषा? बाबा म्हणाले, विटीदांडूची.

सोलापुरी चादर
तेलुगू! आमच्या घरी रोजची. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. सोलापुरात आम्ही विणकरांची पोरं आणि शेजारची मराठी पोरं एकत्र खेळायचो. त्यांचं ‘लेंड’ ऐकून आजी पोट धरून हसायची. पुढचे आकडे मात्र गावोगाव इतके घसरलेत की कुठला पाच नि कुठला सात ते आम्हालाही ओळखू येत नाही. आमच्याकडे ‘झकू’ पण होता, तो कुठल्याच तेलुगूत नाही.

भातखाचर
आमच्याकडे वकट पायावर, मूंड मुठीवर. प्रत्येक आकड्याला विटी वेगळ्या जागी ठेवून टोलवायची. डोळ्यावर ठेवायची पाळी आली की मी घरी जायचो.

रारीटनकाठचा
निकाल असा: व्यक्ती होतकरू, काळ उमेदवारीचा, जागा तरवा (भंडाऱ्यात पऱ्हे), बेस भोज्या. बाबांना हे सगळं मान्य आहे. चिरंजीवांना फक्त भोज्या आवडला. शनिवारी समरसेटचा एक गडी दुसऱ्या भोज्याकडे सुटला तेव्हा आजोबा-नातू दोघंही उभं राहून ‘भोज्या, भोज्या’ ओरडत होते आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी त्या खेळाडूचं आडनाव भोज्या आहे का म्हणून मला विचारलं.

आता चिरंजीव विचारताहेत, शॉर्टस्टॉपला काय म्हणायचं? व्होल्पी तिथेच खेळतो.

खांबोळी
दुसऱ्या नि तिसऱ्या भोज्याच्या मधला. मधला म्हणा.

लाल माती
मधला काय? काहीतरीच. थांबा, विचार करून सांगतो.