टिकाल, कालाकमुल आणि मांडलिकांचे राजकारण

मध्य अमेरिकेतील प्राचीन माया संस्कृतीची नगरराज्ये केवळ बळी देण्यासाठी कैदी मिळावेत म्हणून लढत असत, हे मत मला अपुरे वाटते. कैद्यांना महत्त्व होतेच. परंतु शिलालेखांचे वाचन पुढे गेले तसे टिकाल (आजच्या ग्वाटेमालातील माया नगर) आणि कालाकमुल (आजच्या मेक्सिकोतील) येथील, सर्प हे चिन्ह असलेले राजघराणे यांच्यातील दीर्घ सत्तास्पर्धा आणि त्यांच्यामध्ये निष्ठा बदलणारी लहान राज्ये स्पष्ट दिसू लागली. टिकालच्या छत्राखाली असलेल्या काराकोल या माया नगराने पुढे बाजू बदलली, आणि ५६२ सालच्या टिकालच्या पराभवाची नोंद काराकोलच्याच एका वेदीवर कोरलेली आहे. त्यानंतर टिकालमध्ये शतकाहून अधिक काळ कोरीव स्मारके जवळजवळ उभारली गेली नाहीत.

याहून विदारक उदाहरण दोस पिलास या दुसऱ्या माया नगराचे आहे. तेथील राजा बालाह चान काविल हा टिकालच्याच राजघराण्यातला, बहुधा तिथल्या राजाचा भाऊ. कालाकमुलने हल्ला करून त्याला मांडलिक केले आणि ६७९ साली त्याने स्वतःच्याच घराण्यावर विजय मिळवला. त्याच्या कोरीव जिन्यावर, ज्याच्या काही पायऱ्या वादळात झाड उन्मळल्यामुळे उजेडात आल्या, रक्ताच्या तळ्यांचा आणि कवट्यांच्या राशींचा उल्लेख आहे. घराणेच असे दुभंगत असेल, तर या युद्धांना निव्वळ धार्मिक विधी म्हणणे अन्यायाचे ठरते.

६९५ साली टिकालचा राजा जसाव चान काविल याने कालाकमुलचा पराभव केला, तरी एकछत्री साम्राज्य उभे राहिले नाही. जेते बहुतेकदा स्थानिक राजघराणे कायम ठेवून खंडणी आणि निष्ठा घेत, त्यामुळे हरलेल्यांना पुन्हा उठण्याची संधी राहत असे.